पहिले दोन शब्द

१४ मे

भुंग्या,

फोन तू उचलत नाहीस. नको उचलूस. पत्राला घंटी नसते, ते आपलं दारात पडून राहतं. आणि तुझी बायको सांगते, गेल्या वाढदिवसाचं माझं पत्र तू वाचलंस. खिडकीकडे तोंड करून, पण वाचलंस. मला तेवढं पुरे.

हो, तिचाच फोन आला होता. तिच्यावर डोळे वटारायचे नाहीत, आधीच सांगून ठेवते. "वन्सं," म्हणाली, "नाटकं बंद झाल्यापासून हे घरातच आहेत. शूटिंगची होती नव्हती ती कामंही गेली. कोणाला सांगत नाहीत आणि मला सांगू देत नाहीत." आणि मग जाता जाता म्हणते काय, तर सहावा लागलाय! अरे गाढवा, मी आत्या होणार आणि मला हे सहाव्या महिन्यात कळतं? अबोला माझ्याशी धर, बाळाने काय घोडं मारलंय तुझं? पोरगी डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या गोळ्या दिवसाआड घेते आहे, माहीत आहे तुला? पुरवून पुरवून. गोळ्या काय पुरवून घ्यायच्या असतात?

इकडचं सांगते. नाट्यगृहाला कुलूप लागलं त्या दिवशी मालकांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "मंडळी, पडदा कधी उघडेल ते मला कोणी सांगितलेलं नाही." नट मंडळींच्या तरी ओळखीपाळखी असतात. प्रॉम्प्टरला कोण ओळखतं? विंगेत अंधारात पुस्तक धरून उभी राहणारी बाई. माझं काम चोख झालं तर मी आहे हेसुद्धा लोकांना कळत नाही.

शेवटी सरकारी हेल्पलाइनला फोन लावला. साथीमुळे ज्यांचं काम गेलं त्यांना दर महिन्याला मदत मिळते, आणि जमेल त्याला तात्पुरतं कामही देतात. फोनवर नाव-पत्ता सगळं झालं, मग पलीकडची बाई म्हणाली, "आता तुमची अडचण तुमच्या शब्दांत सांगा." आणि भुंग्या, तुझी ताई ब्लँक! जन्मभर लोकांना वाक्यं पुरवणारी मी, माझ्या तोंडात मिठाची गुळणी. सवयीने मान वळवून विंगेकडे बघितलं. तिथे माझं कपाट होतं. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. बऱ्याच वेळाने म्हणाले, "मी लोकांना विसरलेलं सांगते. आता लोकच येत नाहीत." त्या बाईला काय कळलं देव जाणे. पण दुसऱ्या आठवड्यात बोलावणं आलं: त्याच हेल्पलाइनवर नोकरी. वाचता स्वच्छ येतं आणि आवाज चढत नाही, म्हणून घेतली.

तुझ्या बायकोला गोळ्या रोज घ्यायला लाव. औषधाचं पार्सल वेगळं पाठवते आहे, परत पाठवलंस तर याद राख.

ताई

२९ मे

भुंग्या,

पार्सल परत आलं नाही. शहाणा आहेस.

आमचं ऑफिस म्हणजे एका शाळेचा वर्ग. मुलं घरी आहेत म्हणून आम्ही त्यांच्या बाकांवर. गुडघे टेबलाखाली मावत नाहीत, दोन बाकांच्या मधे पुठ्ठे उभे केलेत, भिंतीवर पाढे, आणि सगळीकडे सॅनिटायझरचा वास. माझं सातवं टेबल. सहाव्यावर पोहायला शिकवणारे मास्तर आहेत. तलाव बंद, म्हणून तेही इथे. आयुष्य काठावरून ओरडण्यात गेलं, त्यामुळे फोनवरही ओरडतात: "घाबरायचं नाही! श्वास घ्या! आता सोडा! आता बोला!" लोक खरंच श्वास घेतात म्हणे.

आमच्यावर देखरेखीला एक मॅडम आहेत. माझ्या निम्म्या वयाची पोरगी, पण मान वर न करता सगळं ऐकते.

फोन संपताना एक ठरलेलं वाक्य म्हणावं लागतं. "आपलं म्हणणं नोंदवलं आहे. आपण एकटे नाही. काळजी घ्या." दिवसभर तेच. पहिल्यांदा मला हसू आलं होतं. पण जपून म्हटलं तर बरं आहे वाक्य. ज्याने लिहिलं त्याला मधला तुकडा कुठे ठेवायचा ते कळलेलं आहे. मी दरवेळी तिथे जरा थांबते.

तुला हसायला येईल. सगळे एकाच जागी अडतात. नाव सांगतात, पत्ता सांगतात, काम काय ते सांगतात, आणि "अडचण सांगा" म्हटलं की गप्प. गवंडी असो, ब्यूटी पार्लरवाली असो. मला ती शांतता कानात टोचते रे. समोरचा अडकलाय आणि पुस्तक माझ्या हातात आहे, मग मी गप्प कशी बसू? जित्याची खोड. मी हळूच सांगते.

आपला नियम तुला पाठ आहे. पहिले दोन शब्द द्यायचे, तिसरा दिला की नट आळशी होतो. लहानपणी तू पाठांतर करायचास तेव्हाही मी दोनच द्यायचे, आणि तू माझ्यावर उशी फेकायचास. पण या बिचाऱ्यांना दोन शब्दांनी काय होणार? त्यांनी संहिता कुठे पाठ केली आहे? म्हणून मी अख्खं वाक्य देते. आणि वाक्यांना आपल्याकडे काय तोटा! डोक्यात तीस नाटकं आहेत. काल एका वॉचमनला दिलं, "माझ्या हातांना काम द्या, मला दया नको." असं म्हणाला तो, काय सांगू! अंगावर काटा आला. तुझ्याहून बरा म्हणाला.

चिडलास ना? चीड. निदान वाचतोयस ते कळेल.

आणि विषय निघालाच आहे तर ऐक. त्या प्रयोगात राजाने सिंहासनावरून "मी चुकलो" म्हणायचं होतं. तू गप्प. एवढंच नाही, तू गुणगुणायला लागलास, हं-हं-हं, नाकातल्या नाकात. पाठांतर अडलं की तू लहानपणापासून असाच गुणगुणतोस, तुझं नाव भुंग्या पडलं ते उगाच नाही. मग मी वाक्य दिलं, त्यात माझं काय चुकलं? आता माइक जवळ होता आणि पुढच्या रांगा हसल्या, याला मी काय करणार? तू मेकअप पुसता पुसता म्हणालास, "ताई, तो पॉज होता. तुला माझ्या गप्प बसण्याचाही भरवसा नाही." आणि दुसऱ्या महिन्यात शहर सोडून गेलास. पॉज म्हणे! पॉजमध्ये कोणी गुणगुणतं का?

मी अजूनही म्हणते, तू विसरला होतास.

ताई

११ जून

भुंग्या,

आज तुला हसायची पूर्ण मुभा आहे. तुझी ताई पकडली गेली.

मॅडमनी बोलावलं. म्हणाल्या, "बसा. हे ऐका." आमचे सगळे फोन रेकॉर्ड होतात, हे मला ठाऊक होतं, पण ठाऊक असणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. एक गवंडी म्हणत होता, "माझ्या हातांना काम द्या, मला दया नको." मग वॉचमन, तेच. मग पार्लरवाली, तेच, आणि तीही हुंदका बरोबर 'दया'च्या आधी देत होती. मॅडम म्हणाल्या, "तुमच्या टेबलावरचे लोक फार सुंदर बोलतात. आणि सगळे सारखंच सुंदर बोलतात. वरच्या ऑफिसला वाटतंय कोणीतरी लोकांना तयार उत्तरं विकतंय. सगळे अर्ज अडकवून ठेवलेत."

भुंग्या, मी त्यांना तारायला गेले आणि त्यांच्याच घरात शिजायचं थांबलं. मी मॅडमना सगळं सांगितलं, विंग, पुस्तक, दोन शब्द. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मावशी, ते नट आहेत. त्यांना दुसऱ्याचं बोलायचं असतं. यांना स्वतःचं बोलायचंय." मावशी म्हणाली मला, म्हणून मी उलट बोलले नाही. एरवी बोलले असते.

आता नियम असा. मी एक शब्द जरी सुचवला तरी माझी नोकरी जाईल. ते एक वेळ सोड. पण ज्याला सुचवला त्याचा अर्जही बाद होईल. आणि अडकलेल्या सगळ्यांना मीच परत फोन करायचे, प्रश्न विचारायचा आणि तोंड बंद ठेवायचं.

पहिला फोन एका इस्त्रीवाल्या बाईंना केला. "अडचण सांगा" म्हटलं आणि गप्प राहिले. त्याही गप्प. त्यांच्या घरात कुठेतरी नळ ठिबकत होता. माझ्या जिभेवर चार नाटकं नाचत होती. मी मास्क दातात धरला. शेवटी बाई म्हणाल्या, "अहो, माणसं घरातच बसलीत. घरात कडक कपडे कोण घालतं? इस्त्री गार पडलीय माझी. मुलीला म्हणते, उद्या येतील कपडे. उद्या म्हणून म्हणून जीभ दुखायला लागली."

झालं. संपलं. याच्यापुढे माझ्या डोक्यातली तीस नाटकं पाणी भरतील. मी ठरलेलं वाक्य म्हटलं आणि मास्तरांकडे बघितलं. ते म्हणाले, "काय बाई, बुडालात की तरलात?" म्हटलं, "आत्ता कुठे नाकात पाणी गेलंय."

अर्ज एकेक सुटताहेत. वॉचमनचा कालच सुटला. यावेळी त्याने हातांचं नाव काढलं नाही, नुसतं म्हणाला, "दिवसा झोप येत नाही आणि रात्री जागायला जागा नाही."

गोळ्या संपत आल्या की मला कळवायला सांग.

ताई

२० जून

भुंग्या,

तुझा निरोप मिळाला. "ताईला सांग, मी सुखात आहे." वा रे राजा! बायको सांगते, सुखात असलेला माणूस काल तलवारीचं म्यान आणि राजाचे बूट विकायला घेऊन गेला होता, आणि बूट कोणी घेतले नाहीत म्हणून तेच घालून परत आला. सुंभ जळाला तरी पीळ काही जात नाही.

हे पत्र रागाने लिहिते आहे, पण शेवटपर्यंत वाच.

तुझ्या बायकोने हेल्पलाइनला फोन केला होता, तुला माहीत नसेल. त्यांनी तिला नाही म्हटलं. बरोबरच आहे, ज्याचं काम गेलं त्याने स्वतःच्या तोंडाने सांगायचं, असा नियम आहे. तुमच्याकडचे फोनही इकडेच येतात. अर्ज घेणं या महिन्याच्या शेवटच्या दिवशी बंद होणार. पुढे काय, ते आम्हालाही कोणी सांगितलेलं नाही. दवाखान्यात नाव घालायचंय, आणि ती पोरगी तुला एका शब्दाने बोलत नाही, कारण तिला तुझा मान प्यारा आहे. तुला तिचा जीव प्यारा आहे की नाही?

"राजाची कामं केली, आता हात पसरू?" असं म्हणालास म्हणे. हात कोण पसरतंय? रोज तिकिटामागे कर गेला, तुझ्या कमाईतून गेला, तेव्हा तू म्हणालास का की मी सरकारला भीक घालतोय? आपण सगळ्यांनी मिळून घडा भरून ठेवला होता तो तहान लागल्यावर प्यायचा म्हणूनच ना? आणि मला वाटली नव्हती लाज? मीही कपाटाकडे बघत बसले होते. लाज वाटते. वाटू दे. लाजेने कोणी मेलेलं मी अजून पाहिलं नाही. आपली आई म्हणायची ते आठव: बोलणाऱ्याची अंबाडीही विकली जाते, न बोलणाऱ्याचे गहूसुद्धा पडून राहतात.

फोन लाव आणि तुझी चार वाक्यं बोल. पाठ करू नकोस, घोकू नकोस, आरशासमोर उभा राहू नकोस. आणि एक हात जोडून सांगते, फोन कुठल्याही टेबलावर जाऊ दे, सातवं मागू नकोस. बाकीच्यांसमोर मी आता दगडासारखी गप्प बसते, जमलंय मला. पण तू अडलास आणि गुणगुणायला लागलास, तर माझ्या जिभेचा मला भरवसा नाही. माझा एक शब्द सुटला की तुझा अर्ज गेला. मास्तरांकडे जा. ते ओरडतील, पण बुडू देणार नाहीत.

मला तू हवा आहेस रे. भांडायला का होईना, पण धड हवा आहेस. घरात पोटाला आहे, बायकोचं सगळं नीट चाललंय, आणि तू माझ्यावर फुरंगटून बसला आहेस, एवढं झालं तरी मी सुखाने झोपेन.

ताई

२ जुलै

माझ्या भुंग्या,

तुझी बाजू तुला माहीत आहे. माझी सांगते, कारण तुला तिकडून ती दिसली नाही.

परवा शेवटचा दिवस. सकाळपासून फोनला उसंत नाही. दर फोनला वाटायचं तू असशील, आणि दर फोनला वाटायचं तू नसलेलाच बरा. दुपार कलली तरी कोणाच्याच टेबलावर तुझं नाव नाही. मी मनात तुला इतक्या शिव्या घातल्या की त्या तुला उचक्या होऊन लागल्या असतील. आणि मग पुठ्ठ्यावरून मास्तरांचं डोकं वर आलं. "बाई, एक हट्टी माणूस आहे. मी श्वास घ्या म्हटलं तर म्हणतो, मला पोहायचं नाही, मला सातवं टेबल हवंय."

मी मान हलवून नाही नाही म्हणेपर्यंत त्यांनी फोन जोडलासुद्धा.

काय रे, नको म्हटलेलंच करायचं, हे तू पाळण्यात ठरवून आलास का?

मी नाव विचारलं. तू सांगितलंस, अनोळखी माणसाला सांगावं तसं. पत्ता. काम. "नट," म्हणालास. माझा आवाज कापत नव्हता याबद्दल मला अजून कोणी शाबासकी दिलेली नाही. मग मी म्हटलं, "आता तुमची अडचण तुमच्या शब्दांत सांगा."

आणि तू गप्प.

मी मास्क दातात धरला. तू गुणगुणायला लागलास. हं-हं-हं. भुंग्या, माझ्या तोंडात पहिले दोन शब्द येऊन उभे होते. 'माझं काम'. इतकेच. ते नुसते श्वासावर सोडायचे होते, तीस वर्षं तेच केलंय. मी बाकाची कड धरली. भिंतीवरचा सातचा पाढा वाचायला लागले. मास्तरांना वाटलं मला चक्कर येतेय, त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. तुझं हं-हं चालूच. मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, विसरला. गेला. संपलं सगळं.

आणि तू बोललास.

"माझं काम बंद आहे. तीन महिने मी बायकोला सांगतोय की कोणाचा तरी फोन येणार आहे. कोणाचाच येणार नाहीये. मला बाप व्हायचंय आणि मला भीती वाटते. मला मदत हवी आहे."

कुठल्याही नाटकातलं नव्हतं ते. मी ओळखलं असतं.

आणि मला आणखी एक कळलं. तू विसरला नव्हतास. ते गुणगुणणं म्हणजे तू आत कुठेतरी जिना उतरत असतोस, सावकाश, आणि खाली पोहोचलास की बोलतोस. इतकी वर्षं मी वरूनच हाका मारत होते.

मला पुढे बोलायचं होतं. ठरलेलं वाक्य. "आपलं म्हणणं नोंदवलं आहे," इथपर्यंत आले, आणि दरवेळी थांबते तिथे थांबले, आणि पुढचं गेलं. शपथ सांगते, अक्षर आठवेना. डोळ्यांतलं पाणी मास्कमध्ये उतरलं, समोर कागदावर वाक्य छापलेलं होतं आणि मला कागदच दिसेना. मॅडम बघताहेत. मास्तर बाटली धरून उभे. मी, प्रॉम्प्टर, सगळ्यांसमोर ब्लँक.

तेव्हा फोनमधून अगदी हळू आवाज आला. नुसता श्वासावर. पहिल्या रांगेलाही ऐकू जाणार नाही असा, मी तुला शिकवला होता तसा.

"आपण एकटे..."

दोनच शब्द दिलेस. तिसरा दिला नाहीस.

"नाही," मी म्हटलं. "आपण एकटे नाही. काळजी घ्या."

मग तू फोन ठेवलास आणि मी बाकावर डोकं ठेवून अशी रडले की मास्तर सगळ्या वर्गाला ओरडून सांगायला लागले, "काही नाही, काही नाही, त्यांना श्वास घेऊ द्या!"

संध्याकाळी मॅडमनी रेकॉर्डिंग लावलं. मी आपली गुन्हेगारासारखी उभी. ते सगळं हं-हं त्यांनी शांतपणे ऐकलं. शेवटची कुजबुज पुन्हा एकदा मागे घेऊन ऐकली. म्हणाल्या, "मावशी, हा अर्जदार तुमचा कोण?" म्हटलं, "भाऊ. पाठचा. हट्टी." तेव्हा त्या म्हणाल्या, "अर्जदाराला सुचवायचं नाही, असा नियम आहे. अर्जदाराने आपल्याला सुचवलं तर काय करायचं, ते नियमात कुठेच नाही." आणि नोंद पुढे पाठवली. काल मंजूर झाली. तुला सरकारी निरोप येईलच, पण सरकारच्या आधी ताईने सांगावं, म्हणून आजच पत्र टाकते आहे.

राजाचे बूट विकू नकोस. पडदा उघडेल तेव्हा लागतील. मला मालकांनी परत बोलावलं तर मी विंगेत असेन, आणि तू गुणगुणायला लागलास की पुस्तक मिटून घेईन. किती वेळ लागायचा तो लागू दे. त्या जुन्या प्रयोगाबद्दल मात्र एवढंच म्हणेन, पॉज जरा लांबला होता.

तुझ्या बायकोला सांग, आता गोळ्या रोज. आणि बाळ बोलायला लागेल तेव्हा मला बोलावून घे. तेही तुझ्यासारखं आधी बराच वेळ गुणगुणेल, आपण सगळे त्याच्या तोंडाकडे बघत बसू, आणि मी तोंड बंद ठेवून बसेन, माझा शब्द आहे. दोन काय, एकही सुचवणार नाही.

फारच अडलं तर 'आत्या' म्हणेन. तेही श्वासावर.

तुझीच,
ताई